बारा नंबरच्या पिनेची परवानगी

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या पशुखाद्याच्या एका कारखान्यात मिक्सर थांबवण्यासाठी बसवलेलं लाल बटण दाबलं असता मिक्सर थांबत नाही, ही बाब १९९६ च्या फेब्रुवारीत व्यवस्थापनाच्या निदर्शनास आली. ती आणून दिली कौसल्येनं. कळसहून रोज कामाला येणारी कौसल्या मिक्सरच्या तोंडाशी उभी राहून पेंड ओतायची. त्या दिवशी पोतंच आत ओढलं जायला लागलं, म्हणून तिनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं आणि शेवटी पोतं सोडून दिलं. इंदापूर तालुक्यातल्या काही म्हशींनी त्या आठवड्यात तागाचाही आस्वाद घेतला असावा.

"बटण मेलंय," ती सुपरवायझर रावजींना म्हणाली. "उद्या माझा हात गेला म्हंजी?"

"हात कशाला घालतीस तितं?" असा तांत्रिक खुलासा करून रावजींनी तक्रार वर पाठवली.

मालक आप्पासाहेबांनी तत्काळ तपास समिती नेमली. समितीनं आधी बटण बदललं, मग तार बदलली. खंडेनवमीला मिक्सरची पूजा झाली तेव्हा बटणाला हळदकुंकू लावायचं राहून गेलं होतं, हे रावजींच्या ध्यानात आल्यावर तेही विधिपूर्वक लावलं. मिक्सर फिरतच राहिला. तेव्हा जळोचीहून येणाऱ्या अबरार इंजिनिअरला बोलावणं गेलं.

अबरारनं मीटर लावलं. "मिक्सर ही चिप चालवते. बटण दाबलं की तिच्या बारा नंबरच्या पिनेवर पाच व्होल्टचं शून्य होतंय, म्हणजे निरोप पोचतोय. निरोप आला की हातातलं काम टाकून मिक्सर थांबवायचा, एवढंच तिनं करायचं."

"मग करत का न्हाय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"हातातलं काम मध्येच तोडायची परवानगी नाही. पिनेला तिची स्वतःची परवानगी आहे. पण सगळ्या पिनांवर मिळून प्रोग्रॅममध्ये एक वरची परवानगी असते. ती बंद आहे."

"कुणी केली बंद?"

"तुम्ही, आप्पासाहेब."

ते खरं होतं. शेजारची मोठी मोटर सुरू झाली की तारेत खोटा झटका येऊन मिक्सर उगाच थांबायचा. कारखान्याच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आप्पासाहेबांनी बजावलं होतं, "उद्या कायबी झालं तरी त्यो थांबता कामा न्हाय." अबरारनं वरची परवानगी एका दिवसापुरती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुणे म्हणाले, "हे यंत्र थांबणार नाही, तसा हा तालुकाही थांबणार नाही!" टाळ्या पडल्या आणि ते वाक्य कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर रंगवलं गेलं.

"चांगली तार घालू आणि चिप पुण्याला नेऊन नवा प्रोग्रॅम भरून आणू," अबरार म्हणाला. "दोन दिवसांचं काम."

समितीनं भिंतीकडे पाहिलं. रंग अजून ताजा होता.

एवढ्यात सुरक्षा सप्ताह आला. वसाहतीतलं सर्वांत सुरक्षित यंत्र निवडायचं होतं, आणि वर्षभरात आणीबाणीत ते किती वेळा थांबवावं लागलं, ही कसोटी होती. शेजारच्या कारखान्यांतली यंत्रं अनेकदा थांबली होती. आपला मिक्सर एकदाही नाही. बक्षीस जाहीर झालं.

"बक्षीस होईस्तवर त्या चिपला हात लावू नगं," आप्पासाहेबांनी अबरारला दम भरला.

"माझं दोनच हात हायती, आप्पासाहेब," कौसल्या म्हणाली. तिला खरंच भीती वाटत होती.

तिच्या भावनांचा आदर करून रावजींना मेन स्विचपाशी उभं करण्यात आलं. स्विच आप्पासाहेबांच्या परवानगीशिवाय ओढायचा नव्हता. हे सांगताना माझं डोकं फिरतं, पण अहवालाची भाषा सोडायची नाही असं मी ठरवलं आहे.

समारंभाच्या दिवशी मांडवात तेच पाहुणे सुरक्षिततेवर बोलत होते आणि मागच्या शेडमध्ये प्रात्यक्षिक म्हणून मिक्सर चालू होता. कौसल्येची बाही पात्यात अडकली. तिनं बटण दाबलं, मग बोंब मारली. रावजी परवानगीसाठी मांडवाकडे धावले आणि व्यासपीठाच्या पायऱ्यांशी हात जोडून, पाहुण्यांनी श्वास घेण्याची वाट बघत उभे राहिले. बोंब मांडवात बसलेल्या अबरारनं ओळखली. तो ताडकन उठला, तेव्हा संयोजकांनी "तुमचा सत्कार नंतर आहे" म्हणून त्याला खांदे दाबून खाली बसवलं.

बाही फाडून कौसल्या सुटली. तिची दोन बोटं मात्र सुटली नाहीत.

हाताला पदर गुंडाळून ती मांडवात आली आणि मागूनच म्हणाली, "जरा थांबा."

सगळ्या रांगा वळल्या. "शूऽऽ! भाषण चालू हाय!"

पाहुण्यांनी मोठ्या मनानं हसून हात वर केला. "ताई, प्रश्न शेवटी घेऊ."

भाषण झालं. टाळ्या झाल्या, ढाल दिली गेली, आभारप्रदर्शनही झालं. एवढ्या माणसांत ते भाषण कुणीच मध्ये का तोडलं नाही, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. प्रश्न रास्त आहे. फक्त तोही आपण गोष्ट संपेपर्यंत धरून ठेवलात.