दोन सूत उतार

जावयाचं हॉटेल उघडायला आठ दिवस उरले होते आणि दोनशे मेनूकार्डं छापून तयार होती. त्यांवर ज्यांच्या वाइनचं नाव ठसठशीत अक्षरांत झळकत होतं, त्या वायनरीच्या मालकीणबाईंना मात्र याची काडीचीही कल्पना नव्हती.

त्याचा बेत सरळ होता. कॅराव्हॅन भाड्याने घ्यायची, वाटेतल्या दोन वायनरींत चवी घेत सराव करायचा आणि तिसरीत पोचून मालकीणबाईंसमोर असं काही बोलायचं, की त्यांनी आपण होऊन वाइन द्यावी. बाई म्हणे फक्त जाणकारांनाच वाइन देत. जाणकार होण्यासाठी तो सहा महिने आरशासमोर रिकामा पेला फिरवत होता. 'मागे रेंगाळणारा ओल्या मातीचा गंध' हा त्याचा हुकमी एक्का होता. गाडी बायको चालवणार होती, त्यामुळे गंध कितीही रेंगाळला तरी हरकत नव्हती.

सासऱ्यांना बरोबर घ्यावं लागलं ते फ्रिजमुळे. कॅराव्हॅन जरा तिरकी उभी राहिली की फ्रिज रुसून बसायचा आणि सासऱ्यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं. गाडी थांबली की ते अर्धी भरलेली बाटली ओट्यावर आडवी ठेवत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "डावं चाक दोन सूत उचला." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे जावयाला लग्नाच्या बोलणीतच सांगण्यात आलं होतं. चाकाखाली लाकडी पाचर सरकवली की फ्रिज गुरगुरायला लागे.

पहिल्या वायनरीत सगळे पेले तिरके करून रंग बघत होते. सासऱ्यांनी आपला पेला काउंटरवर ठेवला आणि खाली वाकून त्याच्याशी डोळे भिडवले.

"कशी वाटली?" ओतणाऱ्याने कौतुकाने विचारलं.

"काउंटर खिडकीकडे दीड सूत कललाय," सासरे म्हणाले. "वाइन ठीक."

दुसऱ्या वायनरीत त्यांनी तळघराची भिंत बोटाने वाजवली.

"पोकळ आहे. कुणी बांधली?"

"माझ्या वडिलांनी," मालक म्हणाला.

जावयाने घाईघाईने ओल्या मातीचा गंध बाहेर काढला, पण तोवर ते तिघे स्वतःच बाहेर होते. निघायच्या गडबडीत चाकाखालच्या पाचरी तिथेच राहिल्या.

तिसऱ्या वायनरीच्या अंगणात गाडी थांबताच बायकोने वडिलांपुढे हात जोडले. "बाबा, तुम्ही गाडीतच बसा."

"का? मी काय केलं?"

"खरं बोललात."

आत मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. जावयाने पेला फिरवला, घोट घेतला, डोळे मिटले. "सुरुवातीला जांभळी फुलं... मग जुनं लाकूड..."

"हिने लाकूड पाहिलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "स्टीलच्या टाकीतली आहे."

जावयाने हुकमी एक्का काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून एक रिकामं पिंप घरंगळत आत आलं. त्याला कसलीच घाई नव्हती. आमंत्रण असल्यासारखं ते सगळ्यांच्या मधून गेलं आणि काउंटरला टेकून थांबलं. पाठोपाठ दुसरं आलं. मग तिसरं. आणि तिसऱ्याच्या बरोबरीने चालत सासरे आले.

"अंगणातल्या पिंपांखालच्या पाचरी तुमच्याच ना? झकास आहेत," ते म्हणाले. "फ्रिज सुरू झाला."

जावयाच्या डोळ्यांपुढून दोनशे मेनूकार्डं एकेक करून गेली.

"बाबा!" बायको ओरडली.

"थांब गं. बाई, बघा. तिन्ही एकाच जागी थांबली. सगळ्या अंगणाचा उतार तुमच्या दारात येतोय. पावसाचं पाणी इथेच साचत असेल."

"घोट्याएवढं," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. "बारा वर्षं. आणि जो येतो तो पेला फिरवून सांगतो, ओल्या मातीचा गंध काय सुरेख आहे! अहो, तो वाइनचा नाही. फरशीचा आहे."

जावयाने उघडलेलं तोंड मिटलं.

चहा होईपर्यंत सगळं ठरलं. सासऱ्यांनी चार दिवसांत उंबरा उचलून द्यायचा, दारापुढे पाण्याला वाट काढायची आणि बाईंनी हॉटेलला वाइन द्यायची.

"एक मजूर लागेल," सासरे म्हणाले.

मग सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई फावड्याने वाळू-सिमेंटचा माल कालवत होता. "कसा झालाय?" सासऱ्यांनी दारातून विचारलं. तो वाकला आणि सवयीने त्याने वास घेतला.

"मागे ओल्या मातीचा गंध रेंगाळतोय," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

सासरे तरातरा आले. उरलेल्या ढिगातली मूठभर वाळू त्यांनी तळहातावर चोळली. हात मातकट झाला. त्यांनी एकदा हाताकडे पाहिलं आणि मग जावयाकडे, लग्नानंतर पहिल्यांदाच, आदराने.

"वाळूत माती आहे. निव्वळ वासावरून ओळखलंत! जाणकार आहात हो जावईबापू."

जावयाची छाती दोन सूत फुगली.

"हा माल फेका," सासरे म्हणाले, "आणि तो सगळा ढीग धुऊन काढा."