नाक काय झोपत नाय

सकाळी दारात आलेल्या बाईच्या हातातली साडी ओढून आधी तिचा वास घेणारं माणूस तुम्ही पाहिलं आहे का? नसेल तर आमच्या सापगावच्या पाळणाघरात या. वास घेऊन झाला की हिरामावशी मग विचारते, "पोर कसं हाय?"

गावातल्या बाया शेतावर नाहीतर आसनगावकडे कामाला जातात आणि त्यांची पोरं समाजमंदिरात मावशी सांभाळते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तिच्या पाळणाघरात पाळणा मात्र एकही नाही. साड्यांच्या झोळ्या. त्याही ज्या त्या आईच्या नेसत्या साडीच्या, न धुतलेल्या! धुतलेली आणली की परत. "नेसून आन गो. डोळा झोपतो, नाक काय झोपत नाय."

ड्रेस घालणाऱ्या एकीला तर तिने साडी नेसून भात लावायला पाठवलं, घाम यावा म्हणून. एकदा तपासणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, ही साडी किती कळकट!" मावशीने ओठांवर बोट ठेवलं. "म्हनून तर झोपलाय. हळू बोला."

हे शास्त्र की खूळ, देव जाणे. मी शहापूरला हार्डवेअरच्या दुकानात असतो. आमच्याकडे कोणी खिळ्याचा वास घेत नाही.

मग माझी पुतणी परी तिच्याकडे आली. दीड वर्षाची. पावसाळ्यात वहिनीला कावीळ झाली आणि ती गेली. घरात मी आणि भाऊ, दोघंही नोकरीवाले. परीला झोळीत ठेवलं की ती किंचाळायची, जेवायचीही नाही. शेवटी आजोळचे म्हणाले, येत्या रविवारपर्यंत पोर रुळली नाही तर आम्ही मुरबाडला घेऊन जातो. भाऊ नुसता परीचे केस विंचरत बसला. बायको गेली, आता पोरगीही जाणार. मला त्याच्याकडे बघवेना.

"आईची साडी आन," मावशी म्हणाली.

"कुठून आणू? तेराव्यानंतर सगळ्या वाटून टाकल्या."

"कोनाला?"

"एक आटगावच्या आतेबहिणीला दिली."

"मंग काढ गाडी!"

आटगावला पोचलो तर आतेबहीण दारात, आणि मावशी थेट अंगणातल्या दोरीवरच्या साडीत तोंड खुपसून उभी. "यांना काय झालं?" ताईने मला विचारलं. मी काय कपाळ सांगणार? "सर्दी गेली का बघतायत," म्हणालो.

साडी मिळाली, पण मावशीचं तोंड उतरलं. "नुसता साबन. तुजी वैनी नाय रे हितं."

दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, मावशीच ती साडी नेसून बसलेली! गेलेल्या बाईची साडी! माझं टाळकंच सटकलं. "मावशी, पोरीसाठी आणली का तुमच्यासाठी?"

तिने परीला उचलून कमरेवर घेतलं. त्याच साडीत खिचडी शिजवली, झाडलोट केली, रात्री त्यातच झोपली. दिवसभर परी तिच्या कमरेवर. गावात कुजबुज सुरू झाली. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं.

शनिवारी भाऊ सुट्टी घेऊन परीचे कपडे भरायला बसला होता. इतक्यात मावशीचा निरोप आला, पोरीला घेऊन या. गेलो तर मावशी दुसऱ्या साडीत, आणि ती साडी आढ्याला टांगलेली. तिने परीला आत ठेवलं. परीने काठ मुठीत धरला, तोंडात घातला, थोडी कुरकुरली आणि झोपली. खरंच झोपली! भाऊ तिथेच खाली बसून रडायला लागला.

माझ्या डोक्यात मात्र सगळा गोंधळ. मी हळूच म्हणालो, "पण मावशी, हा वास तर वहिनीचा नाय. तुमचा हाय."

"ठाव हाय. आई कुठून आनू मी? पन पोरीला कोनीतरी पायजे ना."

तिने झोळीला एक झोका दिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आनि मला तरी वासावरनं वळखनारं कोन हाय रे?"