खांडीतलं भूमिपूजन

"मुहूर्त पक्का ना रे, पोपट?" टॉवेलनं कान कोरडे करत आमदार पुंडलिक घरतांनी आपल्या हाताखालच्या कार्यकर्त्याला विचारलं.

"एकदम कडक, शेठ. चैत्री पुनव, भर दुपारी बारा, अभिजित मुहूर्त. भटजी म्हणले, असा शोधून सापडायचा नाय."

"आणि जागा?"

"सकाळीच जाऊन आलो. खांडीच्या आतल्या अंगाला मंडप उभा हाय. जमीन अशी खडखडीत की खुर्चीचा पाय रुतायचा नाय."

पुंडलिकशेठ खूश झाले. रोह्याजवळच्या वरसेतल्या त्या दुमजली बंगल्यात बरेच दिवस खूश होण्यासारखं काही घडलं नव्हतं. पक्षाचे निरीक्षक हैबतराव मुंबईहून येऊन रोह्याच्या विश्रामगृहात उतरले होते आणि यंदा घरतांचं तिकीट कापणार अशी कुजबुज होती. हैबतराव आज भूमिपूजनाला येणार, गर्दी बघणार आणि वर जाऊन सांगणार. म्हणजे तिकीट राहणार की जाणार, ते आजच्या दुपारवर होतं.

आता ही खांड काय भानगड आहे, ते सांगायला हवं. पेणजवळच्या गडब गावाच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठी खारबांदण नावाचं गाव आहे. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावानं मातीचा बांध घातलेला. तो एके ठिकाणी फुटला. फुटल्या जागेला खांड म्हणतात. खांड पडली की उधाणाचं खारं पाणी शेतात घुसतं आणि मग त्या शेतात भात होत नाही, नुसतं मीठ चमकतं.

घरतांचं राजकारण या खांडीतच जन्माला आलं. पोरगा मूळचा खारबांदणचा, बाप मिठागरात राबणारा. पेणच्या कॉलेजात हा विद्यार्थी संघटनेचा चिटणीस झाला. बाकीचे पुढारी परीक्षा पुढं ढकला म्हणून घसा फोडत असताना याला गावची खांड आठवली. पुनवेच्या भर दुपारी, भरतीची वेळ साधून, कॉलेजची पोरं घेऊन हा खांडीत उतरला आणि गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्यानं सरकारच्या नावानं शंख केला. पेपरात फोटो आला. त्या फोटोवर पोरगा जिल्हा परिषदेत गेला, तिथून विधानसभेत गेला, मग सरकारातल्या पक्षात गेला. खांड होती तिथंच राहिली. दर निवडणुकीला घरत येऊन तिथं बांधाच्या कामाचा नारळ फोडत. फोडलेले सगळे नारळ त्या भगदाडात टाकले असते, तरी एव्हाना ते बुजलं असतं.

पुनवेला दुपारी बाराला खाडी भरते हे खारबांदणात शेंबडं पोरसुद्धा सांगतं. पुंडलिकशेठनाही एके काळी ते ठाऊक होतं. पण बंगल्यातल्या नळाला भरती-ओहोटी नसते. आणि पोपट तर खांब गावचा, डोंगराकडचा माणूस. त्याला समुद्र ठाऊक होता तो फक्त ताटातला.

साडेअकराला गाड्यांचा ताफा पोचला. मंडपात सतरंज्या, खुर्च्या, हार, माईक, सगळं चोख होतं. मंडपात गावकरी मात्र एकही नव्हता. अख्खं गाव बांधाच्या धड भागावर ओळीनं बसलं होतं. बायांनी लुगडी वर खोचलेली, पुरुषांनी विजारी दुमडलेल्या.

"लोक लांब का बसलेत?" हैबतरावांनी विचारलं.

"लाजाळू आहेत," घरत म्हणाले.

पोपट बांधावर धावला. सगळ्यात पुढं बसली होती बायजाबाई, शेठची सख्खी चुलती.

"काकी, मंडपात चला ना!"

"बाराला ना रं?"

"व्हय, बाराला."

"मंग बाराला येताव की. घाई कनाला?" म्हणून तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "बगलंस गो? पुंड्या इसारला नाय."

पोपटाला काही कळलं नाही. त्यानं येऊन सांगितलं, "लोक मुहूर्तालाच येणारेत. श्रद्धाळू गाव हाय."

भटजींनी संकल्प सोडला. त्यांनी पळीतून पाणी सोडलं, तेवढ्यात पायाखालूनही थोडं आलं. सतरंजी ओली झाली. भटजींना वाटलं, कलश कलंडला. मग फुलांचं तबक आपोआप चालू लागलं आणि हैबतरावांचा एक जोडा त्याच्या मागोमाग निघाला.

"घरत, हे पाणी कुठून येतंय?"

पुंडलिकशेठनी खांडीकडं पाहिलं. लाल-करडं पाणी, वर फेस, फुरफुरत आत शिरत होतं. तीस वर्षं झोपलेलं ज्ञान एकदम जागं झालं.

त्याच क्षणी बांधावरून आरोळी उठली आणि सगळं खारबांदण धबाधब पाण्यात उतरलं. बायजाबाई कमरेएवढ्या पाण्यातून तरातरा आली, पुतण्याचा हात धरून त्याला मंडपातून ओढला आणि खांडीच्या तोंडाशी नेऊन उभा केला.

"शाब्बास रं माज्या वाघा! आमाला वाटलं, खुर्चीनं तुला खाल्ला. पन तू पुनवच धरलीस! आन सरकारचा मानूस पन संगती बुडवाया आनलास! आता दे घोषना!"

"काकी, ऐक माझं, हे आंदोलन नाय..."

"लाजू नको. नाय दिलीस तर आमी देताव." आणि काकीनं दिली. सरकारच्या आईबापापासून सुरुवात करून तिनं ती थेट खात्याच्या मंत्र्यापर्यंत आणली. शेकडो गळे मागून ओरडले. पेपरवाले भूमिपूजनाच्या जेवणासाठी आलेले, ते उपाशी पोटी फोटो काढू लागले.

इकडं हैबतराव खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून मंडपाच्या खांबावर चढले होते. घाटावरचा गडी, पोहण्याशी संबंध नाही. वरून ते गर्जले, "घरत! आपल्याच सरकारविरुद्ध? हे ठरवून केलंत तुम्ही? हो की नाही, तेवढं सांगा!"

घोषणा थांबल्या. सगळे पुंडलिकशेठकडं बघू लागले. 'नाही' म्हणावं, तर खाडीच्या पोराला भरती कळत नाही म्हणून अख्खी खाडीपट्टी जन्मभर हसणार, मतं गेली. 'हो' म्हणावं, तर तिकीट गेलं. कॉलेजपासून आजवर असा प्रश्न आला की ते एकच करत आले होते. त्यांनी भाषण ठोकलं.

"मी सरकारच्या बाजूनं, सरकारला जागं करण्यासाठी, सरकारच्या पाण्यात..."

"हो की नाही?" खांब कलला तसे हैबतराव किंचाळले.

पुढचं कुणी ऐकलं नाही, कारण खांब पडला. पोपटानं उडी घेतली, हैबतरावांना खांद्यावर बसवलं आणि नाकातोंडात पाणी जात असतानाही त्यांना बांधावर पोचवलं. वर पोचल्यावर हैबतरावांनी ओल्या रुमालानं तोंड पुसलं आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. सत्तेतल्या आमदाराचा सत्तेविरुद्ध खाडीत एल्गार! मंत्रालयात पळापळ झाली. निवडणूक तोंडावर, बदनामी नको, म्हणून वरून हुकूम सुटले. पोकलेन आले, डंपर आले, दगड आला, माती आली. जे इतक्या मोर्च्यांनी आणि नारळांनी झालं नाही, ते एका चुकलेल्या मुहूर्तानं झालं. पावसाच्या आत खांड बुजली.

पक्षानं तिकीट पोपटाला दिलं. पुंडलिकशेठना विरोधी पक्षाचा फोन आला. "या आमच्याकडं. तिकीट देतो. पण लढणार कशावर? मुद्दा घेऊन या, मग बोलू."

मुद्दा शोधत शेठ आषाढात खारबांदणला गेले. नव्या बांधावर बायजाबाई इरलं घेऊन उभी होती.

"बग रं पुंड्या! पावसानं मीठ धुवून निंगालं की पुढच्या सालाला भात लावताव. तू होतास म्हून झाला बांद."

"मग काकी, मत देणार ना?"

"तुला?" काकीनं प्रामाणिकपणे विचार केला. "बांद सरकारनं घातला, पोपट सरकारचा. त्याला द्याया नको? तू चांगला भांडतोस रं. पन आता भांडाया काय हाय?" ती निघाली. चार पावलांवर जाऊन वळली. "वाटंत चिंबोरीचं भोक दिसलं तर टाच मारून बुजव हां. नायतर ती बांद पोखरते."

शेठ एकटेच बांधावरून चालू लागले. थोडं पुढं, नव्या मातीत, खेकड्याचं एक भोक होतं. अंगठ्याएवढं. त्यातून पाण्याची बारीक धार शेतात उतरत होती. बापानं लावलेली सवय, पाय आपोआप वर उचलला गेला.

खिशातला फोन वाजला.

"काय घरत, सुचला का मुद्दा?"

शेठनी मागं पाहिलं. काकी लांब गेली होती. त्यांनी उचललेला पाय अलगद भोकाच्या पलीकडं टेकवला.

"सुचतोय," ते म्हणाले. "पुनवेपर्यंत थांबा."