नोंद करणार: हेमलता वाकणकर

आमच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या कॉम्प्युटरचं सेशन पासवर्ड कोणाचाही घेतं, पण राहतं मात्र हेमलता वाकणकरचंच. हेमलताची बदली होऊन तीन वर्षं झाली. मी, शालन जगदाळे, रोज दहाला त्या खुर्चीत बसते, माझं नाव आणि माझा पासवर्ड घालते, आणि पडद्यावर येतं, "या हेमलताबाई."

सेशन म्हणजे फार मोठं काही नाही. कॉम्प्युटरमध्ये नाव सांगून शिरायचं आणि निरोप घेऊन बाहेर पडायचं, त्यामधला मुक्काम. हेमलताने निरोप कधी घेतलाच नाही. संध्याकाळी जाताना ती पडद्याचं बटण तेवढं बंद करायची, टीव्हीसारखं. तसं आम्ही सगळेच करतो. पण माझ्यासाठी कुठलं यंत्र ताटकळत बसलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

आठ वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर होती. रोज सकाळी पडदा उघडायला माझ्याकडे पाठ करून पासवर्ड घालायची. सहा काळे ठिपके उमटायचे. नवऱ्याचं नाव असेल, मी म्हणायचे. मिरवू दे.

तिच्यामागे या तीन वर्षांत गावात दोन हजारांवर पोरं जन्मली. नोंदी मी केल्या, मान माझी आखडली, आणि प्रत्येक दाखल्याच्या तळाशी छापून आलं, 'नोंद करणार: हेमलता वाकणकर'. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! लोक पेढे घेऊन यायचे आणि म्हणायचे, "हेमलताबाईंना द्या हं." ते पेढे मी खाल्ले, पण गोड लागले नाहीत. जळायचे मी तिच्यावर, खोटं कशाला बोलू?

तरी गप्प होते. मग मला नात झाली. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते. पहिले दहा दिवस मी गोडीगुलाबीने घेतलं. यंत्राला नवं कव्हर शिवलं, हळदकुंकू वाहिलं. "या हेमलताबाई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी जिल्ह्याला अर्ज ठोकला. माझ्या नातीच्या दाखल्यावर त्या बयेचं नाव मी येऊ देणार नव्हते.

एकविसाव्या दिवशी दुपारी तपासनीस खुडेसाहेब आले. त्यांना नवल वाटलं नाही. शेजारच्या तालुक्यात एका तलाठ्याचं सेशन त्याच्या सासऱ्याचं निघालं होतं म्हणे.

त्यांनी काळी खिडकी उघडली आणि एक ओळ टाइप केली. "आतली प्रणाली लिनक्स आहे. लपवाछपवी करत नाही," ते म्हणाले. "आत दोघं आहेत. एक जिल्ह्याहून तारेवरून आलाय, त्याला पडदा नाही. त्याला सोडा. पडदा ज्याच्याकडे, त्याचं बघायचं. हे पाहा, सेशन क्रमांक दोन, खुर्ची क्रमांक शून्य, चालू. मालक, हेमलता वाकणकर."

"आणि या खुर्चीत बसलेली मी कोण?"

"तुमची नोंद कुठंच नाही, बाई."

"मग काढा त्याला बाहेर!"

"मालकिणीचा पासवर्ड लागेल. शिवाय सेशनचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नियम आहे."

त्यांनी हेमलताला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पासवर्ड विचारल्यावर ती घुटमळली. "अगंबाई! शालनताई आहेत का तिथं? त्यांच्यासमोर कसं सांगू?"

"सरकारी काम आहे. सांगा."

"शालन," ती म्हणाली. "इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं. म्हणजे काय झालं साहेब, पहिल्या दिवशी मला पासवर्ड ठेवा म्हणाले तेव्हा मी घाबरले होते. डबाही आणला नव्हता. ताईंनी त्यांची अर्धी भाकरी मला दिली होती, म्हणून तेच सुचलं. मग बदललंच नाही."

मी बोटांवर अक्षरं मोजली. सहा.

खुडेसाहेबांनी फोन ठेवला आणि सेशनला म्हणणं मांडायला सांगितलं. पडद्यावर सावकाश मजकूर उमटला.

"अर्जदार शालन जगदाळे यांच्याविषयी आमच्या मनात असूया आहे. हेमलताबाई आठ वर्षं रोज सकाळी आधी अर्जदारांचं नाव घ्यायच्या, मगच आमच्याकडे यायच्या. आमचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. आम्हाला नाव नाही, क्रमांक आहे. अर्जदारांकडे एवढं असताना दाखल्यावरची जागाही त्यांनाच का द्यावी, याचा खुलासा व्हावा."

मी ते दोनदा वाचलं. साठीला आले, पण माझ्यावर कोणी जळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. काय खुलासा करणार, कपाळ! जळणं म्हणजे काय ते माझ्याइतकं या इमारतीत दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं?

"बाई, पाचला अर्धा तास आहे," खुडेसाहेब म्हणाले. "सहा अक्षरं दाबली की ते बाहेर आणि तुम्ही आत. दाबू?"

"राहू द्या," मी म्हटलं.

"अर्ज मागे?"

"मागे."

त्यांनी पंचनाम्यात मालक म्हणून हेमलताचं नाव लिहिलं आणि मी साक्षीदार म्हणून खाली सही केली. मग नातीची नोंद केली, दाखला काढला, पडद्याचं बटण बंद केलं आणि घरी गेले.

मुलाने दाखला उलटसुलट करून पाहिला. "आई, इथं तर त्या हेमलताबाईंचंच नाव आहे. तुझं कुठाय?"

"आहे की," मी म्हटलं. "ठिपक्यांत आहे."