मशीनविरुद्ध माझी दाढ

आमगावच्या आमच्या राईस मिलमध्ये धान आणणारा माणूस देवाला नंतर भ्यायचा, आधी माझ्या उजव्या दाढेला! मी दाणा दाढेखाली धरायचो आणि चावायचो. ‘कट्ट’ वाजलं की धान वाळलेलं. नुसताच दबला की ओलं, न्या परत! वीस वर्षं हा बकाराम सांगेल तोच ओलावा.

आणि आमच्या गुलाबचंद सेठना काय दुर्बुद्धी सुचली, त्यांनी ओलावा मोजायची मशीन आणली! भर मिलमध्ये म्हणाले, “बकाराम, एक तारीख को मुकाबला. मशीन जीती, तो तुम बोरे सिलो!”

मी पोती शिवायची? माझं रक्त उकळलं. आणि नेमकी तेव्हाच तीच दाढ ठणकायला लागली. चहाचा घोट घेतला की कळ थेट कानात!

“अजी, दातवाल्या बाईकडे काऊन नाही जात?” बायको रुख्मा म्हणाली.

“कायले? लवंग आहे ना घरात!”

आठ दिवस लवंग चघळली. नवव्या दिवशी दुखणं गायब! मी पानठेल्यावर व्याख्यानच दिलं, डॉक्टर कसे लुटतात आणि लवंग कशी तारते! दात दुखणाऱ्या चौघांनी तिथेच लवंगा घेतल्या.

दहाव्या दिवशी गालात आख्खा आलुबोंडा! रुख्माने मनगट धरून मला डॉ. सोनिकांकडे ओढत नेलं.

“पण दुखायचं तर थांबलं होतं, मॅडम!”

“आतली नस मेली, म्हणून थांबलं, काका. आता मुळाशी पू झालाय. चहाची कळ राहून राहून येत होती, तेव्हाच यायचं होतं.”

“काढणार?” मी गाल हातांनी झाकला. दाढ गेली की मिलमधला मान गेला!

“गरज नाही. मुळातल्या नळ्या साफ करून भरू. त्यालाच रूट कॅनल म्हणतात. दाढ राहील.”

दाढ राहील! बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

औषधाने सूज उतरली. नळ्या भरायची शेवटची खेप नेमकी मुकाबल्याच्या सकाळी आली. दाढ तात्पुरती भरून बाई म्हणाल्या, “हा दात आता ठिसूळ आहे. वर टोपी बसेपर्यंत या बाजूने काही चावू नका. आणि इंजेक्शनचा सुन्नपणा जाईपर्यंत तर काहीच खाऊ नका.”

खातंय कोण? एक दाणा तर चावायचाय!

मिलमध्ये ही गर्दी! शेतकरी शिवलालचं धान समोर होतं. दाणा तोंडात टाकला. जीभ कुठे, गाल कुठे, काही कळेना. अंदाजाने जोर लावला.

‘कट्ट!’

काय आवाज! वीस वर्षांत असा ऐकला नव्हता. “वाळलं! घेऊन टाका!”

सेठनी मशीन लावली. “उन्नीस टक्का. गीला है!”

“मशीन खोटी आहे!” मी ओरडलो. ओरडताना तोंडातून काहीतरी उडालं आणि शिवलालच्या पायाशी पडलं. त्याने ते उचलून उन्हात धरलं, मग माझ्या उघड्या तोंडात डोकावून पाहिलं.

“बकारामभाऊ, दाणा तं तुमच्या जिभेवरच हाय, साबूत! हा तं तुमच्या दाढेचा टवका होय!”

मिल दहा मिनिटं बंद होती. हसण्यासाठी!

उरलेल्या दाढेवर टोपी बसवायला परवा दवाखान्यात गेलो. बाकावर चौघं गाल धरून बसलेले. पानठेल्यावरचेच! चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल हातात घेतली आणि मिलपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

टोपी राहिलीच. तूर्त बोरे शिवतो. आणि दोरा, विश्वास ठेवा, कात्रीनेच तोडतो!