अण्णांची घंटी

आमच्या शेजारच्या अण्णांच्या घरात डबल बेल मिळाल्याशिवाय कुणी हलत नाही. बसमधलीच रीत. एक टिंग म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पहिल्यांदा ती घंटी ऐकली तेव्हा मला वाटलं दारात कुल्फीवाला आला, आणि मी येडी वाटी घेऊन धावले!

अण्णा देगलूर-लातूर गाडीवर कंडक्टर होते. रिटायर होऊन नांदेडला आले, पण डोक्यातून बस काही उतरली नाही. जेवायचेसुद्धा उभ्यानं, ताट ओट्यावर ठेवून. मी म्हणायची, "अण्णा, टेका की जरा!" तर म्हणायचे, "पाशिंजर बसतंय, ताई. कंडक्टर कवा बसला?"

मग त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, लकवा झाला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून आल्यावर पाय हळूहळू टेकायला लागला, पण डावा हात नुसता लोंबायचा. कुणीतरी चिनी सुयांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. तिथं डॉक्टर हाताला सुया लावायचे आणि लगोलग व्यायामवाल्या मॅडम तोच हात हलवून घ्यायच्या. सोबतीला मी जायची. अण्णांचं तिथंही सुरू! "डॉक्टरसाब, एका तिकिटाला इतके पंच? आमच्यात मेमो मिळाला असता!" डॉक्टर पोट धरून हसायचे. काकू मात्र भिंतीकडं तोंड करून पडायच्या.

मॅडम म्हणाल्या, "नुसत्या सुयांनी भागायचं नाही. हात रोज वर न्यायला पाहिजे." झालं! अण्णांनी भंगारातून जुनी घंटी आणली, व्हरांड्यात छताला टांगली, आणि दोरी काकूंच्या खुर्चीवर सोडली. काकूंनी डबल मारली तरच चहा, तरच अंगणातली फेरी. काकू गुपचूप उजव्या हातानं ओढायच्या. अण्णांना ते बरोबर दिसायचं. "त्या हाताचा पास चालत न्हाई. डावा दाखवा."

एक दिवस काकूंचा बांध फुटला. "राहू द्या तो मेला हात! जन्मभर तुम्ही डबल मारून निघून गेलात. सण न्हाई, वार न्हाई, जवा बघावं तवा मुक्कामाची गाडी, रात्र परगावी. मी आपली दारात उभी. आता मलाच बेल मारायला लावून राहिले?"

मी तिथंच होते. कुठं बघावं कळेना. अण्णांनी दोरी गुंडाळून वर अडकवली. मला वाटलं, उद्या घंटी परत भंगारात जाते.

पण घंटी राहिली. हुकूम तेवढे बंद झाले. अण्णा रोज सकाळी काकूंना धरून घंटीखाली आणून बसवायचे, हातात चहा द्यायचे आणि हळूच म्हणायचे, "गाडी तुझी हाय, शांते. तू म्हणशील तवाच निघंल." आणि शेजारी उभे राहायचे. सुया चालू होत्या, व्यायाम चालू होता. हात छातीपर्यंत यायचा आणि पडायचा. जीव तुटायचा बघून.

परवा संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. टिंग. एकच. बाई गं, पडल्या का काय! तशीच धावले.

काकू खुर्चीत नीट बसलेल्या. डावा हात डोक्याच्या वर, लटलट कापत होता, पण दोरी सोडली नव्हती. अण्णा आतून भाकरीचा तुकडा हातात घेऊनच पळत आले.

"सिंगल? कोण उतरायचंय?"

"तुम्ही," काकू म्हणाल्या. "झाली ड्युटी. बसा आता."

अण्णांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग स्टूल ओढलं आणि काकूंना खेटून बसले. डोळ्यांतून पाणी चाललेलं, तुकडा हातातच. "ताई, हिनं थांबवली बगा गाडी," एवढंच म्हणाले. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू?

डोळे पुसून मी उठले. म्हटलं, "काकू, मला डबल द्या. मेथी पडलीय तशीच."

काकूंनी दोरी सोडली आणि तो हात अण्णांच्या गुडघ्यावर ठेवला.

"चहा घेऊन जा. आज गाडी मुक्कामी हाय."