वेंगुर्ल्याची माणसं देवगडला

बोटीच्या प्रवासातलं मला सगळं कळतं, असं मी नाही म्हणत. आमची लालबागची अख्खी चाळ म्हणते. कोकणात निघालेलं कुणीही असो, भाऊच्या धक्क्याची वाट धरण्याआधी आमच्या उंबऱ्याशी टेकून जातं.

"बकुळावयनी, बोट लागली तर काय करायचं?"

आवळासुपारी तोंडात धरायची आणि लाटेकडे न बघता लांब डोंगराकडे बघायचं.

"जागा कुठली धरायची?"

धुराड्याखाली नको, इंजिनाजवळ नको, आणि संडासाच्या वाऱ्याला तर मुळीच नको. मधल्या खांबाला पाठ लावून चटई पसरायची आणि लगेच आडवं व्हायचं. बसलेल्याला लोक सरका म्हणतात, झोपलेल्याला कुणी म्हणत नाही.

"आणि खायला?"

काहीही न्या, दहीपोहे नेऊ नका. एका गृहस्थांनी माझं ऐकलं नव्हतं, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला मी बसले होते. जास्त सांगत नाही.

माझा एक नेम आहे, तोही इथंच सांगून ठेवते. पहाटे डोळे उघडल्यापासून सूर्याला अर्घ्य देऊन जपाची माळ पुरी होईपर्यंत मी बोलत नाही. आमचे हे म्हणतात, घरातल्या सगळ्या व्रतांत हे एकच व्रत देवाइतकंच त्यांनाही पावलं आहे.

एवढे प्रवास मी हौसेनं केले असं समजू नका. माझं सासर वेंगुर्ल्याचं. दरवर्षी गणपतीच्या तयारीला मी पुढे जायचं आणि हे नि मुलं, यांना गिरणीतून रजा मिळाली की मागाहून, असा रिवाज. आणि माहेर देवगडचं. बोट वेंगुर्ल्याला जाताना देवगडासमोर पहाटे नांगर टाकते. किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, येतात, माणसं चढतात-उतरतात, आणि भोंगा वाजवून बोट पुढे निघते. तेवढा वेळ मी कठड्याशी उभी. सूर्य देवगडच्या डोंगरामागून वर येतो, म्हणजे अर्घ्य देताना तोंड आपोआप माहेराकडेच होतं. बंदरावर आई उभी असायची. लुगड्याचा पदर हलवायची. मीही हात हलवायची. समोर घर आणि मध्ये खारं पाणी. धाकट्याच्या बाळंतपणानंतर त्या अंगणात माझं पाऊल पडलं नव्हतं. "सासरचा गणपती आधी," असं आईच सांगून पाठवायची. मग देवाकडे तरी काय मागायचं? मी फक्त म्हणायची, बोट थोडी आणखी थांबू दे.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं होती. आम्ही निघालो त्या दिवशी नेमका हरताळ. ट्राम नाही, बस नाही. लालबागपासून धक्क्यापर्यंत हातगाडीवर सामान घालून आम्ही चालत गेलो. बरोबर शेजारच्या कमलाबाई, त्यांचे दीर गुणाजी आणि चाळीतली आणखी दोन बिऱ्हाडं. सगळे वेंगुर्ल्याचे, पण मुंबईतच वाढलेले. कमलाबाईंनी भायखळ्याच्या बाजारापलीकडचं जग पाहिलं नव्हतं. गुणाजीभावजींनी पाहिलं होतं, पण मोर्च्याबरोबर.

बोटीवर चटया पसरल्यावर मी सगळ्यांना नियम घालून दिला. "मी उठले की उठायचं. मी चालले की मागे यायचं. सकाळी मला काही विचारू नका, मी बोलणार नाही."

"म्हणजे मिलिटरीच," गुणाजीभावजी म्हणाले.

पहाटे देवगड आलं. मी उठले. सगळे उठले. मी तांब्या घेऊन कठड्याकडे निघाले. मागे खडखड ऐकू आली, पण मागे वळून बघायचं नसतं म्हणून बघितलं नाही. डोंगरामागून सूर्य वर आला, मी पाणी सोडलं आणि डोळे मिटून माळ ओढू लागले.

कमलाबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "वयनी, हेच ना? उतरायचं ना?"

नेमका तेव्हाच मी सूर्याला वाकून नमस्कार केला.

"हो म्हणाल्या," कमलाबाईंनी मागे सांगितलं.

डोळे उघडले तो आमची चाळ शिडीवरून पडावात उतरत होती. गुणाजीभावजींच्या डोक्यावर माझी ट्रंक. त्या ट्रंकेत सासरच्या गणपतीचं मखर, तेही सासूबाईंनी लालबागच्या कारागिराकडून मुद्दाम करून घेतलेलं. मी दोन्ही हात हलवले. पडाव हाकणाऱ्या तांडेलाला वाटलं, बाई थांबा म्हणतात, यायचंय त्यांना. त्यानं माझा हात धरला आणि बघता बघता मी पडावात. माळ अर्धी राहिलेली. बोलावं तर व्रत मोडतं, न बोलावं तर बोट जाते. मी मणी भराभर ओढू लागले. देव माफ करो, शेवटचे मणी मी ट्राम पकडावी तसे पकडले.

माळ संपली आणि भोंगा झाला. बोट हलली.

"हे देवगड आहे," मी म्हटलं.

सगळ्यांनी किनाऱ्याकडे बघितलं. मग कमलाबाई म्हणाल्या, "छान आहे."

बंदरावर वेगळाच घोळ. पुढे हातात तांब्या घेतलेली गप्प बाई, मागे मुंबईची डझनभर माणसं तशीच गप्प. त्या दिवसांत लोकांना दुसरं काय वाटणार? कुणीतरी म्हणालं, मुंबईहून समितीचा मूक मोर्चा आलाय. लगेच घोषणा सुरू झाल्या. गुणाजीभावजींना घोषणा ऐकून गप्प बसणं ठाऊक नव्हतं. त्यांनी ट्रंक खाली ठेवली, मूठ वर केली आणि मूक मोर्चा बोलका झाला. आम्हाला चहा मिळाला. माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला.

त्या गर्दीतून माझा भाऊ कुशाबा पुढे आला. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

"अगो बाय, तू हय कशी? आये तुका भेटाक बोटीर गेली मां!"

झालं होतं असं, की वर्षानुवर्षं किनाऱ्यावरून पदर हलवणाऱ्या आईनं त्या दिवशी धीर केला होता. चिबूड आणि घावन्यांची टोपली घेऊन ती मागच्या दाराच्या पडावातून बोटीवर चढली होती, दोन शब्द बोलून उतरायचं म्हणून. पुढच्या दारानं मी खाली आले, मागच्या दारानं आई वर गेली. मला डेकवर शोधता शोधता ती वेंगुर्ल्याला चालली होती, माझ्या सासरी.

इतकी वर्षं ज्या अंगणासाठी जीव तुटत होता, त्या अंगणात मी गळ्यात झेंडूचा हार घालून उभी राहिले. पायरी तीच, तुळस तीच. वहिनीनं भाकरी वाढली, पण ती काही आई नव्हे. आईची नऊवारी दांडीवर वाळत होती, तिला जाता-येता हात लावत मी दिवस काढला.

दुसऱ्या पहाटे वेंगुर्ल्याची बोट आली. कमलाबाई आणि मंडळी ट्रंक घेऊन पडावात बसली. मी पाय उचलला आणि हिशेब सुचला: आई आजच्याच बोटीनं परत निघाली असेल. मी तिकडे पोचेपर्यंत ती इकडे यायची. मी पाय मागे घेतला. किनाऱ्यावर, आई उभी राहायची तिथंच उभी राहून बोटीकडे बघितलं. कठड्याशी माणसं दिसत होती, पण चेहरा एकही दिसत नव्हता. नुसते ठिपके. अर्घ्य-जप तिथंच आटोपून मी कुशाबाला विचारलं, "दादा, आई मला ओळखायची कशी रे?"

"तिका खंय दिसता? ती आख्ख्या बोटीक हात दाखयता. म्हणता, माझी बाय त्यात खंयतरी आसतलीच."

मग मीही लांब जाणाऱ्या त्या अख्ख्या बोटीला हात हलवला.

दुपारी वेंगुर्ल्याहून मुंबईकडे जाणारी बोट आली. पडावातून सगळे उतरले, आई उतरली नाही. केळ्यांचा घड घेतलेल्या एका म्हाताऱ्यानं निरोप दिला. "तुझी आवस बोटीत चढाक तयार नाय. म्हणता, माझी बाय हयच येतली."

म्हणजे मी तिच्यासाठी एक बोट सोडली, आणि तिनं माझ्यासाठी एक.

तिसऱ्या पहाटे मी हिशेब करायचं सोडून दिलं आणि पडावात बसले. बोटीच्या शिडीवर चढते तो कठड्याशी आमचे हे, मुलांना घेऊन उभे. गणपतीला निघालेले.

"तू? देवगडला? आणि हातात हा सुकलेला हार कसला?"

सूर्य उगवायचा होता. मी गप्प. "अगं, काय झालं? घरी सगळं बरं आहे ना?" मी गप्प. माळ पुरी होईतो यांनी माझ्याभोवती फेऱ्या घातल्या, आणि त्या व्रताला आयुष्यात पहिल्यांदा नावं ठेवली.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर आई बोचक्यावर बसली होती. परतीची बोट समोर उभीच होती आणि पडाव भरत होता. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. देवगडच्या घरी गणपती बसायचा आणि मोदक आईच्या हातचे, त्यामुळे तिला जाणं भागच होतं. पडाव भरेल तेवढाच वेळ आमच्या हाती.

मी तिच्याशेजारी बसले. काय काय बोलायचं होतं. पण आईनं माझा हात धरला आणि विचारलं, "बोटीत तू खंय बसतंस गो?"

"मधल्या खांबाला पाठ लावून."

"पोटात ढवळता काय?"

"आवळासुपारी धरते तोंडात."

"आणि झोप? येवढ्या आवाजात झोप लागता तुका?"

मी एकेक सांगत गेले. जागा कशी धरते, काय खाते, थंडी वाजली तर काय पांघरते. हीच उत्तरं मी अख्ख्या चाळीला दिली होती, पण ऐकता ऐकता कुणी असं डोळ्याला पदर लावला नव्हता. आई म्हणाली, "येवढी वर्षा मी हाच इचार करत रवलंय."

तांडेल उठून उभा राहिला. बंदरभर बघून ओरडला, "देवगडचा कोण रवला काय? देवगड!"

मी आईकडे बघितलं. आईनं बोचकं जरा मागे सरकवलं, तांडेलाकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "नाय."

पडाव गेला. खोटं बोलू नये, हे मला आईनंच शिकवलं आहे. चतुर्थीला माझ्या सासरच्या चुलीशी बसून तिनं मोदक वळले आणि सासूबाईंना बोटीत कसं बसायचं ते समजावलं. देवगडला वहिनीचे मोदक उकडताना सगळेच्या सगळे फुटले. त्याचं खापर कुशाबा अजून आईच्या चुकलेल्या बोटीवर फोडतो, आणि आम्ही मायलेकी ते बोटीवरच फुटू देतो.